बाहेरून कुलूप

नीलाच्या कामाला फारसं काही लागत नाही. एक बारीक कानस, पितळी पत्तीखाली सरकवायला पत्र्याचा पातळ तुकडा, आणि शांतता. यातली शेवटची गोष्ट आर. के. पुरममधल्या तळमजल्याच्या सरकारी क्वार्टरात मिळत नाही.

ती हार्मोनियम सुरात लावते. तिच्या माहेरी, नगरला, वडिलांचं पेट्या दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे स्टुलावर बसून ती हे शिकली. लग्नानंतर दिल्लीला आली. नवरा उन्मेष केंद्र सरकारच्या नोकरीत. मागच्या खोलीत तिनं टेबल मांडलं, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. गुडगाव, नोएडाहून गाणारी माणसं मांडीवर पेटी धरून ऑटोतून येतात.

पेटीच्या एका पट्टीखाली दोन पत्त्या असतात. त्या पुरत्या जुळल्या नसतील तर एकत्र वाजताना आवाज थरथरतो. मग पत्ती किंचित खरवडायची, वाजवायची, ऐकायची. पुन्हा खरवडायची. थरथर मंद होत जाते, आणि मग कधीतरी ती नसते. दोन आवाजांच्या जागी एक उरलेला असतो. तेवढं ऐकायला आख्खं माणूस लागतं. अर्ध्या माणसाला ते ऐकू येत नाही.

पण आख्खं राहू देणार कोण? नीला घरीच असते, हे जिन्यातल्या आठही घरांना ठाऊक होतं. कुणाचं पार्सल, कुणाच्या कामवालीसाठी ठेवलेली किल्ली, कुणाचा सिलिंडर येणार, सगळं तिच्या दारात. "आप तो घर पे ही होती हैं ना," असं म्हणून माणसं निघून जात. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. म्हणूनच तिला कुणावर रागावता येत नव्हतं.

सगळ्यांत जास्त बेल वाजवायचे ते वरच्या मजल्यावरचे दत्तात्रयकाका. बायको गेल्यावर दोन वर्षांपूर्वी ते साताऱ्याहून सुनेकडे आले. सून रसिका आणि मुलगा सकाळी आठला बाहेर पडत. काका अकरा वाजता खाली येत. कधी चष्म्याचा स्क्रू निघालेला असे, कधी मटार महाग झालेले असत. नीला चहा ठेवायची. काका बोलत राहायचे, आणि तिच्या कानातला सूर हळूहळू विझायचा.

त्या हिवाळ्यात तिनं लावलेल्या दोन पेट्या तक्रारीसह परत आल्या. आणि जानेवारीअखेर स्वानंदीची पेटी आली. स्वानंदी गाणं शिकवते. पेटी तिच्या वारलेल्या वडिलांची, कुणाच्या हाती न दिलेली. पुढच्या रविवारच्या बैठकीला तीच वाजवायची होती. पेटी टेबलावर ठेवताना स्वानंदी फक्त म्हणाली, "सांभाळून हं, ताई."

मंगळवारी नीलानं मधल्या सप्तकातली एक पत्ती उचलून धरली असताना बेल वाजली. हात दचकला. पितळ चिरलं. दारात काका उभे होते, हातात मेथीची जुडी.

"काका, मी काम करतेय. कळत कसं नाही तुम्हाला?"

काका जुडी उंबऱ्याशी ठेवून वर गेले.

वडिलांच्या डब्यात तिला त्याच घडणीची एक जुनी पत्ती सापडली. ती जुळवायची होती, आणि दिवस थोडे होते. ही पेटी बिघडली तर पुन्हा कुणाच्या पेटीला हात लावायचा नाही, असं तिनं उन्मेषला सांगितलं. मग त्यानं प्रवासी बॅगेचं कुलूप शोधून काढलं. बुधवारी ऑफिसला जाताना त्यानं दार ओढून बाहेरून ते कुलूप लावलं, म्हणजे कुणी बेल वाजवणार नाही. नीलाला लागलंच तर मागच्या गल्लीचं दार होतं.

बेल वाजली नाही. बुधवारी नाही, गुरुवारीही नाही. तिला इतकं शांत वाटलं की थोडी लाजही वाटली.

शुक्रवारी अकराच्या सुमारास ती एकच पट्टी दाबून, भाता हलवत, थरथर ऐकत बसली होती. श्वास घ्यायला थांबली तेव्हा पुढच्या दारापलीकडून काकांचं आणि कुरियरवाल्याचं बोलणं ऐकू आलं.

"मैडम घर पे नहीं हैं. मुझे दे दो."

"अंकल, अंदर से आवाज़ तो आ रही है."

"वो रेडिओ है."

"तीन दिन से एक ही सुर बजा रहा है?"

"पुराना है. तुम साइन लो और जाओ."

नीला तशीच बसून राहिली. दाराला कुलूप आणि आत पेटी वाजतेय, हे तिलाही सुचलं नव्हतं, उन्मेषलाही नाही. म्हणजे सगळ्या जिन्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

ती मागच्या दारानं बाहेर पडली आणि इमारतीला वळसा घालून पुढे आली. समोरच्या बागेत ऊन पसरलं होतं. कॉलनीतली सगळी म्हातारी माणसं शेंगा सोलत त्यात बसली होती. काका मात्र जिन्याच्या गारठ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर होते, माकडटोपी घालून, पाठ तिच्या दाराला टेकवून. पायाशी चार पार्सलं. शेजारी वाटीत दोन किल्ल्या, प्रत्येकीला कागद बांधलेला.

तिला पाहून ते चोरी पकडली गेल्यासारखे उठले.

"काका, उन्हात जाऊन बसायचं सोडून..."

"तिथे सगळे पेन्शनचं बोलतात," काका म्हणाले. "इथे बरं आहे. परवा खूप थरथरत होतं. आज कमी झालंय."

नीलाला मंगळवारचं काहीतरी बोलायचं होतं. पण ती म्हणाली, आत चला, हीटर आहे, आतच बसा.

"आत नको. आत आलो की बोलेन मी."

ती आली तशीच वळसा घालून परत गेली. स्वतःची शाल घेऊन पुन्हा आली, काकांच्या गुडघ्यांवर टाकली, आणि पुन्हा गेली. दोघांपैकी कुणीच कुलपाकडे पाहिलं नाही.

मग ती टेबलाशी बसली. दारापलीकडे एक पाठ टेकलेली आहे हे आता तिला माहीत होतं, आणि नवल म्हणजे त्याचा अडथळा होत नव्हता. तिनं पत्ती उचलली. एक ओरखडा. ऐकलं. आणखी एक, आधीपेक्षा हलका. भाता भरला आणि पट्टी दाबून धरली. आवाज सरळ निघाला आणि सरळच राहिला.

तिनं तो भाता संपेपर्यंत वाजू दिला. मग उठून पुढच्या दाराशी गेली आणि आतून दोनदा टकटक केली.

पलीकडे खुर्ची सरकली. थोड्या वेळानं मागच्या दाराची कडी वाजली. काका पार्सलं छातीशी धरून उभे होते.

"झालं ना?" त्यांनी विचारलं. "आता बोलू?"

नीलानं चहाचं आधण ठेवलं.