साहेबांच्या खळ्यात टेनिस

कॉलेजच्या वसतिगृहात टीव्हीवर टेनिस बघायला लागलो आणि त्याचं वेड लागलं ते आजवर टिकून आहे. रॅकेट मात्र कधी हातात धरली नव्हती. मोहोपाड्याच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी लागल्यावर डबा खाताना मी मोठमोठ्या खेळाडूंच्या बॅकहँडमधल्या चुका काढत असे. एकदा आमच्या साहेबांनी ते ऐकलं.

"अरे वा! रविवारी कॉलनीच्या कोर्टवर या. डबल्सला एक जण कमी पडतोय."

"हो सर," मी म्हणालो. खरं सांगायची तीच वेळ होती, ती गेली.

चार दिवस मी अंगणात धुणं बडवायच्या धोपाटण्याने सर्व्हिसचा सराव केला. बाबा ओटीवरून बघत होते.

"माश्या मारतोस काय रं?"

"सायबांबरोबर खेळायचंय, बाबा. इज्जतीचा सवाल हाय."

"मंग मी पन येतो."

रविवारी पाहिलं तर कोर्ट लाल मातीचं, पाणी मारून, रूळ फिरवून गुळगुळीत केलेलं. बाबांनी कडेलाच चपला काढल्या.

"बूट काढ रं! येवढं झ्याक खळं, आन् बूट घालून जातोस? लाज नाय वाटत?"

भात झोडायच्या खळ्यात आमच्याकडे कुणी पायताण घालून जात नाही. लहानपणापासूनची सवय; मी नवेकोरे बूट मुकाट काढले.

"अनवाणी खेळता?" साहेब थक्क झाले. माझी पत आणखी वाढली.

ती पहिल्या सर्व्हिसपर्यंत टिकली. वर उडवलेला चेंडू माझ्याच डोक्यावर पडला. दुसरा कुंपणापलीकडे गेला.

"किती वर्षं खेळताय?"

"बघतोय बारा वर्षं, सर. खेळतोय आजपासून."

साहेब हसता हसता खालीच बसले. मग म्हणाले, "नियम तरी येतात ना?" ते तोंडपाठ होते. मला पंचाच्या उंच खुर्चीवर बसवून उरलेल्या तिघांनीच खेळ सुरू केला.

थोड्याच वेळात साहेबांचा फटका रेषेपाशी पडला. "आत!" साहेब ओरडले. मला तो बाहेर दिसला होता, पण साहेबांना खोटं पाडायचं कसं? तेवढ्यात बाबा कोर्टात शिरले आणि शेतात रानडुकराचा माग बघावा तसे चेंडूच्या खुणेवर वाकले.

"भाईर हाय, सायेब. चांगला चार बोटं भाईर."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"आउट, सर," मी म्हणालो.

साहेबांनी खूण पाहिली आणि पुढच्या गुणासाठी मागे गेले.

आता दर रविवारी ती खुर्ची माझी असते. वाद झाला की साहेब आधी बाबांना हाक मारतात. बूट मात्र आता सगळ्यांनाच बाहेर काढावे लागतात.