कुसाबाईच्या देवांचं कोण करणार?

मखमलाबादच्या कुसाबाईला तुम्ही ओळखत नसाल तर नुकसान तुमचंच आहे. द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये बायांच्या टोळीची ती मुकादम. घड हातात धरायचा, कात्रीनं सडका मणी अलगद काढायचा आणि शेजारच्या मण्याला धक्का लागू द्यायचा नाही, हे काम तिनं अर्ध्या गावाला शिकवलं. शिकवताना शिव्याही पोटभर घातल्या. पण कुणाच्या घरी मयत झालं, बाळंतपण निघालं, की पहिली भाकरी हिच्याच चुलीवरून जायची. बाई तोंडाची फाटकी होती आणि मनानं मोकळी होती.

घरात एकाच गोष्टीशी ती कधी वरच्या आवाजात बोलली नाही, ते म्हणजे देव्हाऱ्यातले टाक. चांदीचे लहान लहान पत्रे आणि त्यांवर ठोकून काढलेले देव: घोड्यावरचा खंडोबा, गडावरची सप्तशृंगी, घराण्यातले वाडवडील. सासूनं मरायच्या आधी ते कुसाबाईच्या ओटीत घातले. पुढं नवरा गेला, तेव्हा महेश शाळेत होता. तेरावं उरकतंय तोच दीर आणि थोरली जाऊ कलाबाई दारात येऊन उभे. विधवा बाईनं देव ठेवू नयेत, म्हणे, आमच्याकडं द्या.

कुसाबाईनं देव्हाऱ्यासमोर फतकल मारली. "मालक गेले तवा देव काय बोलले नाय, मग तुम्ही कशाला बोलता? ज्याला देव न्यायचेत त्यानं आधी मला उचलावं," ती म्हणाली. तिला उचलायची कुणाची टाप होती! टाक राहिले. तेव्हापासून रोज सकाळी ती त्यांना कोमट पाण्यानं धुवायची, मऊ फडक्यानं पुसायची, आणि पॅकहाउसमध्ये काल काय काय घडलं ते त्यांना सांगत बसायची. दुसरं ऐकायला होतं तरी कोण?

त्यामुळे महेशच्या लग्नाचा विषय निघाला की कुसाबाईच्या डोक्यात दोन काळज्या असायच्या. पोराला बायको कशी मिळणार, आणि आपल्यामागं या देवांचं कोण करणार. सून आली की दोन्ही काळज्या एकदमच मिटतील, असं ती धरून चालली होती.

महेश अंबडला कारखान्यात मशीनवर. दुपारी जेवायला जवळच्याच खानावळीत जायचा, आणि ती खानावळ होती योगिनीची. सिन्नरची पोर, एकटीनं शटर भाड्यानं घेऊन धंदा उभा केलेला, दोन बाया हाताखाली. महेशला तिचं पिठलं आवडलं, मग तिचं फटकळ बोलणं आवडलं, आणि वर्ष सरता सरता तो घरी आईसमोर मान खाली घालून उभा राहिला.

"आई, एक मुलगी हाय."

"आपल्यातली हाय का?"

"आपल्यातलीच."

"मग तोंड कशाला पाडलंस, गाढवा?"

कुसाबाईला आभाळ ठेंगणं झालं. चौकशा सुरू झाल्या. कूळ विचारलं, देवक विचारलं, मामाचं गाव विचारलं, पत्रिका दाखवून आणली. सगळं विचारलं आणि नेमकं एक विचारायचं राहिलं. हिंदू मराठा म्हटल्यावर पुढं देव कोणता मानता, असं कोण विचारतं हो? आपल्यातलीच आहे, आता देव काय वेगळा असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

सुपारी फोडायला मंडळी सिन्नरला गेली. योगिनीचे वडील सावळीराम एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, बोलायला अगदी मऊ माणूस. चहापोहे झाले, तारखेचं बोलणं झालं. कुसाबाईनं पिशवीतून भंडाऱ्याची पुडी काढली. खंडोबाची हळद ती, मुद्दाम चंदनपुरीला जाऊन आणलेली. आपल्या माणसांच्या कपाळाला लावत लावत ती सावळीरामांपुढं आली आणि सावळीराम एक पाऊल मागं सरले.

"ताई, राग मानू नका," त्यांनी हात जोडले. "आम्ही महानुभाव. श्रीकृष्ण सोडून दुसऱ्या देवाचा अंगारा-भंडारा आम्ही लावून घेत नाही, प्रसाद खात नाही. घरात मटण शिजत नाही. मला वाटलं, महेशरावांनी सांगितलं असेल."

सगळ्यांच्या माना महेशकडं वळल्या. योगिनीनं त्याला खरंच सांगितलं होतं, अगदी पहिल्या महिन्यातच. त्यावर हा पठ्ठ्या "हो का" म्हणाला होता आणि आणखी एक भाकरी मागितली होती.

"म्हणजे तुमची पोर आमच्या देवांची पूजा नाय करायची?" कुसाबाईनं सरळ विचारलं.

उत्तर योगिनीनंच दिलं. "मान ठेवीन, मावशी. पण पूजा माझ्याच्यानं होणार नाही."

"बघा! ही फसवणूक झाली," कलाबाईनं कडी केली. सुपारी तशीच तबकात राहिली आणि मंडळी उठली. परतीच्या जीपमध्ये कुसाबाईनं भंडाऱ्याची पुडी मुठीत घट्ट धरली होती.

दुसऱ्या दिवशी पॅकहाउसमध्ये तिनं कुणालाच शिवी दिली नाही, तेव्हाच बायांनी ओळखलं की काहीतरी बिनसलं. समोर हमीदा बसायची, जुनी मैत्रीण. तिला कुसाबाईनं सगळं ओतून सांगितलं. "धर्म एक, जात एक, आन् तरी असं? मग जुळवायचं तरी काय काय माणसानं?"

हमीदा हसली. "आमच्यात काय वेगळं हाय? माझ्या इमरानचं मोडलं ते यावरूनच. आम्ही दर्ग्याला जातो, तिकडचे म्हणे, हे आम्हाला चालत नाय. मुसलमान तेबी आन् आम्हीबी. धर्माचं नाव सारखं असलं म्हणून घरातलं सारखं थोडंच असतं, कुसाबाई?"

कुसाबाईला ते पटलं नाही, म्हणजे पटून घ्यायचं नव्हतं. तिनं कलाबाईच्या ओळखीनं विंचूरकडचं एक स्थळ काढलं. खंडोबा कुळदैवत, अगदी आपल्यासारखं. महेशला तिनं जवळजवळ कान धरूनच नेलं. घर मोठं, सोफा एवढा मऊ की कुसाबाई त्यात बसली आणि उठायला तिला हात द्यावा लागला. बोलता बोलता तिनं हौसेनं विचारलं, "तुमचे टाक बघू बरं?"

पोरीची आई म्हणाली, "अहो, चांदी कुठल्या कुठं गेलीय! आम्ही ठेवलेत बँकेच्या लॉकरात. घरात फोटो आहे ना."

कुसाबाईनं चहाचा कप खाली ठेवला. बाहेर पडेपर्यंत तिनं कसाबसा दम धरला. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "देवाला कोंडून ठिवलं! पाण्याचा थेंब नाय, दिवा नाय! आन् हे आपल्यातले व्हय?" महेश मान खाली घालून चालत राहिला. दोन महिन्यांत तो नीट जेवलाही नव्हता. आई रागावली म्हणून नव्हे, तर योगिनीनं त्याचा फोन घेणं बंद केलं होतं म्हणून. कुसाबाईनं त्याच्या उतरलेल्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला गलबलून आलं. हेच तोंड असं बघायला एवढी वर्षं राबलो काय आपण, असं तिला वाटलं.

मग एके सकाळी, कामाला खाडा करून, ती एकटीच अंबडला गेली. जाताना मनात भांडण तयार होतं. खानावळीचं शटर अर्धं वर, आत योगिनी. गॅस अजून पेटलेला नव्हता. पोरगी भिंतीकडं तोंड करून डोळे मिटून बसली होती, ओठ तेवढे हलत होते. बाहेर दूधवाला हाका मारतोय, ही जागची हलेना. नामस्मरण पुरं झालं तेव्हाच उठली, दूध घेतलं, आणि वळून बघते तर दारात कुसाबाई.

कुसाबाईला ते बसणं ओळखीचं वाटलं. आपणही देव्हाऱ्यासमोर असंच बसतो, कुणाला दाद देत नाही. निम्मं भांडण तिथंच विरघळलं. उरलेलं निम्मं मात्र तिनं काढलंच.

"माझ्या पोराचे हाल चाललेत. फोन का घेत नाय तू?"

"तुम्हाला सांगितलं नाही का त्यांनी?" योगिनीनं पाट सरकवला. "ते मला म्हणाले, वरवर पूजा करून टाक, आईला काय कळतंय. मी म्हटलं, मला माझ्या देवाशी खोटं वागायचं नाही आणि तुमच्या आईच्या देवाशी तर मुळीच नाही. ठेवला फोन."

"असं म्हणाला? आईला काय कळतंय?" कुसाबाई भडकली. "येऊ दे घरी, तंगडं मोडते त्याचं!"

"त्यांना स्वतःला देवाचं काही पडलेलं नाही, मावशी. म्हणून त्यांना सगळं सोपं वाटतं. करायचं ते बायकांनी. माझं म्हणणं एवढंच आहे, ज्याचे देव त्यानं करावं. त्यांना हात नाहीत का?"

"पुरुषमाणूस रोज उठून देव धुणार? अगं, लोक काय म्हणतील?"

"लोक तर तुम्हालाही देव ठेवू नका म्हणत होते. तुम्ही ऐकलंत का?"

कुसाबाईनं चमकून तिच्याकडं पाहिलं. म्हणजे पोरानं तेही हिला सांगितलं होतं तर! एरवी मेल्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं, चहा घेतला, आणि जाताना चहात साखर कमी घालत जा एवढं सांगून निघाली. योगिनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

घरी आल्यावर तिनं महेशला समोर बसवलं. "उद्यापासनं देव तू धुवायचे. मन लावून. जमलं तर लग्न. नाय जमलं तर ना ती, ना दुसरी कुणी."

पहिल्या दिवशी त्यानं काय करावं? भांड्याची हिरवी घासणी घेतली आणि टाक घासायला लागला. कुसाबाई किंचाळली, "अरे मेल्या, खंडोबाचं नाक गेलं की!" शेजारचे धावत आले. पुढं त्याला रांगोळीच्या पुडीनं हळूच चोळायचं कळलं, फुलं ओल्या फडक्यात ठेवायची हे कळलं. सुरुवातीला तो योगिनीसाठीच करत होता, हे सांगायला ज्योतिषी नको. पण एकदा रात्रपाळी करून डोळे लाल झालेला तो घरी आला, कुसाबाई म्हणाली, झोप, आज मी करते. तर म्हणाला, "नको, मला त्यांना एक सांगायचंय." दार लोटून कितीतरी वेळ टाकांशी काय काय पुटपुटत बसला. कुसाबाई बाहेर ओट्यावर बसून रडली. किती बरं वाटलं होतं तिला त्या दिवशी!

सुपारी मग फुटली. लग्न सावळीरामांच्या पद्धतीनं साधंच झालं, आणि जागरण कुसाबाईच्या पद्धतीनं दणक्यात. बोकडाचं जेवण दिराच्या मळ्यावर झालं. योगिनी तिथं गेली नाही, तिला कुणी या म्हटलंही नाही. घरात तिच्या देवाला वेगळा कोनाडा मिळाला. सकाळी एका खोलीत नवरा टाक पुसतो, दुसऱ्या खोलीत बायको स्मरण करते, आणि मधल्या खोलीत कुसाबाई दोघांनाही उशीर होतोय म्हणून ओरडते. असं छान चाललंय.

यंदाच्या चंपाषष्ठीला घरी भाऊबंद जमले. खंडोबाचा मोठा दिवस, वांग्याचं भरीत आणि रोडगे यांचा नैवेद्य. योगिनी सकाळीच काही न खाता खानावळीत गेली होती, दुपारपर्यंत येणार होती. महेश धोतर नेसून देव्हाऱ्यासमोर बसला, तळी उचलायला माणसं उभी राहिली. नैवेद्याचं ताट वाढायची वेळ झाली, तेव्हा कुसाबाईनं आधी एक वाटी घेतली. तीत भरीत काढलं, वर दोन रोडगे ठेवले, झाकण घातलं आणि वाटी आत फळीवर नेऊन ठेवली.

कलाबाईचा आवाज चढला. "अगं, देवाच्या आधी? सगळं उष्टं केलंस की! कुणासाठी काढलंस?"

"सुनंसाठी," कुसाबाई म्हणाली. "एकदा देवाला दाखवलं की त्याचा प्रसाद होतो, मग तिला चालत नाय. आधी काढलं की नुसतं भरीत."

"आन् देवाला चालतं होय, तिच्यामागनं वाढलेलं?"

कुसाबाईनं देवाचं ताट उचललं, महेशच्या हातात दिलं.

"देव घरचाच हाय, ताई. त्यो समजून घेतो. ती पोर मात्र सकाळपासनं उपाशी हाय."