सव्वाचारला लिहिलेली चिठ्ठी

मल्हारीमामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते डोळे मिटून स्टुलावर बसले होते आणि एक बारीक रबरी नळी पापणीपाशी धरून हळूहळू फिरवत होते. मला वाटलं, डोळ्यात काही गेलं असेल. मी पाणी आणू का विचारलं. ते डोळे न उघडताच म्हणाले, "हवा कुठून जाती ते बघतोय." डोळे मिटून कसं दिसतं, असं मी विचारलं, तर म्हणाले, "उघड्या डोळ्यानं हवा दिसती व्हय तुला?" पापणीची कातडी सगळ्यात पातळ, तिला बारीकशी झुळूकही कळते, हे त्यांनी मग समजावून सांगितलं. बाकीचे फिटर नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे. मामांचा साबणावर भरवसा नव्हता. "साबण मोठी चोरी धरतो, बारकी सोडून देतो," म्हणायचे.

ही गोष्ट तेव्हाच्या औरंगाबादेतली, आजच्या छत्रपती संभाजीनगरातली. चिकलठाण्याच्या वसाहतीत आमची कंपनी हवेवर चालणारे व्हॉल्व्ह बनवायची. जोडणी खात्यात मी एकटीच मुलगी, उस्मानपुऱ्यातून कंपनीच्या बसने येणारी. आयटीआय झाल्यावर महिनाभरात लागले होते आणि दिवसभर भीत असायचे. त्या खात्यात माझ्याहून जास्त भिणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे मल्हारीमामा. डब्याचं झाकण ते दोनदा दाबून बघत. बस सुटण्याआधी सगळी माणसं चढली का ते मोजत. मूळचे पैठणच्या पलीकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले, आणि मोजायची सवय बहुधा तिथूनच आलेली. गावाला जाताना एसटी वाटेत थांबली की खाली उतरून टायर बघून यायचे, असं त्यांची बायको सांगायची. कोणी थट्टा केली की म्हणत, "फिकर करायची तर आधी करावी. मागून करणारे लई असत्यात."

आमच्या साहेबांना, म्हणजे मालकांना, रेडिओवर उडणाऱ्या विमानांचा नाद होता. एकदा त्यांनी परदेशातून खोक्यात भरून एक छोटं जेट आणलं. जेट ते आकारापुरतंच. पोटात लहानसं इंजिन, इंजिनावर पंखा आणि पंख्याची हवा शेपटीतून मागे जाणारी. पण दिसायचं झकास आणि आवाज तर असा की कानात बोटं घालावीत. साहेबांचा पुतण्या हेमंत हातातल्या पेटीवरून ते उडवायचा. उडायचं छान, पण उतरलं की थांबायचं नाही. दोनदा कुंपणाच्या भिंतीवर आपटलं. तेव्हा साहेबांनी मामांना बोलावलं आणि म्हणाले, "आपण हवेचा धंदा करतो आणि आपलंच विमान हवेवर थांबत नाही? ब्रेक बसवा." वाळूजला नवी शेड उभी राहत होती. तिच्या उद्घाटनाला पाहुण्यांसमोर हे विमान उडवायचं, आणि नव्या शेडमधला तपासणी विभाग मामांकडे द्यायचा, असं साहेबांच्या मनात होतं. मनातलं ते बोलूनही दाखवायचे.

मामांनी मला मदतीला घेतलं. चाकाच्या आत रबराची एक कडी बसवायची. कडीत हवा गेली की ती फुगते आणि चाकाला आतून धरते. हवा विमानाच्या पोटातल्या एका छोट्या बाटलीतून येणार, आणि बाटली सायकलच्या पंपाने भरायची. ऐकायला सोपं वाटतं. आम्हाला दोन महिने लागले. दोन्ही चाकांच्या नळ्या एकाच लांबीच्या हव्यात, नाहीतर एक चाक आधी धरतं. मामांनी गुलमंडीतून भाजी तोलायचा स्प्रिंगचा काटा आणला, तो एकेका चाकाला अडकवून ते विमान फरशीवर ओढायचे आणि काटा बघायचे. "कमी धरलं तर भिंतीत जातंय, जास्त धरलं तर नाकावर पडतंय. आन एकाच चाकानं धरलं तर कुठं वळंल त्याचा नेम नाय," असं म्हणून पुन्हा ओढायचे.

शेवटची तपासणी मात्र दोन तासांची असायची. नळी चाकाला दोऱ्याच्या गाठीने बांधलेली असे. ढिली गाठ लगेच सुटत नाही. हवेचा ताण खाऊन ती हळूहळू सरकते आणि मग एकदम निसटते. म्हणून हवा भरायची, दोन तास थांबायचं, दाबाचा काटा हलला नाही ना ते पाहायचं आणि बाटलीला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर वेळ, काटा आणि बघणाऱ्याचं नाव. नावाशिवाय चिठ्ठी मामा फाडून टाकत.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. आज मोर्चा, उद्या बंद, परवा कुठे काय झालं याची कुजबुज. माझा दादा कॉलेजात होता आणि प्रत्येक मोर्चात पुढे असायचा. सकाळी तो घरातून निघाला की आईचं जेवणावरचं लक्ष उडायचं आणि माझं कामावरचं. एकदा मामा आपण होऊन बोलले. त्यांच्या गावात दंगलीच्या वेळी बौद्धांची घरं जळाली होती. "मी बांधावर हुभा व्हतो. खांद्यावर घोंगडी व्हती. वली करून इजवायला गेलो असतो तर एखादं घर वाचलं असतं. नाय गेलो. भ्यालो." ते पुन्हा त्या विषयावर आले नाहीत.

उद्घाटन रविवारी होतं. शुक्रवारी सकाळी डाव्या चाकाची नळी चिरलेली दिसली म्हणून मी नवी बांधली. मामांना वाळूजला रस्ता बघायला पाठवलं होतं, कारण नव्या शेडसमोरच्या सिमेंटच्या रस्त्यावरच विमान उतरणार होतं. जाताना ते सांगून गेले, "चारला हवा भर, सहाला काटा बघ, चिठ्ठी लिव्ह. मग घरी जा." मी चारला हवा भरली. तेवढ्यात शहरात दगडफेक झाल्याची बातमी आली. पोरांना धरून नेलंय, असं कोणी म्हणालं. बस लगेच सोडायचं ठरलं. मला दादाशिवाय काही सुचेना. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी पेन्सिल घेतली आणि सव्वाचार वाजता चिठ्ठीवर लिहिलं: सहा वाजता, काटा हलला नाही, वंदना. चिठ्ठी बांधली आणि पळाले.

दादा घरीच होता, मजेत चहा पीत होता. मला त्याचा इतका राग आला की मी रडले. शनिवारी बंद होता. विमान शुक्रवारी रात्रीच टेम्पोने वाळूजला गेलेलं. सगळा शनिवार मी ती गाठ मनात बांधत आणि सोडत होते. दोरा तीन वेळा गुंडाळला की दोनच वेळा? डाव्या चाकाने धरलं नाही तर एकटं उजवं धरणार आणि विमान उजवीकडे वळणार, एवढं मला कळत होतं.

रविवारी मांडवात पोहोचले आणि पाहिलं. रस्त्याच्या उजव्या बाजूला, कडेला बांधलेल्या दोरीच्या अलीकडे, कामगारांची मुलं ओळीने बसवली होती. नवे कपडे, डोक्याला तेल, हातात बुंदीचे द्रोण. भाषणं चालू होती. मामा विमानापाशी उकिडवे बसून, टेम्पोतून न्यायला रिकामी केलेली बाटली पंपाने भरत होते. गळ्यापर्यंत बटणं लावलेला नवा सदरा घातला होता. मला पाहून हसले आणि म्हणाले, "ये. तुझी गाठ आज पाहुण्यांम्होरं जाणार." मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. मी म्हणाले, "मामा, मी सहाला काटा बघितला नाही. सव्वाचारलाच लिहून टाकलं."

पंपावरचे त्यांचे हात थांबले. ते माझ्यावर ओरडतील याची मी वाट बघत होते. त्यांनी मान वळवून मुलांच्या ओळीकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बसमधली माणसं मोजत तसं. मग बाटलीची चिठ्ठी तोडून खिशात घातली, पंपाची नळी ओढली आणि सगळी हवा सोडून दिली. सूं असा लांब आवाज झाला. हेमंत धावत आला. मामा उठून सरळ साहेबांकडे गेले. मी मागे होते, म्हणून शब्दन् शब्द ऐकला.

"साहेब, आज उडवायचं नाय. ब्रेकची तपासणी ऱ्हायली माझ्याकडून."

"सकाळी तर झाली म्हणालात."

"म्हणलो व्हतो. झाली नव्हती."

हेमंत म्हणाला, "काका, मी जपून उतरवतो ना."

"तुमच्या हातावर भरवसा हाय माझा," मामा म्हणाले, "पर त्या चाकाचं मला ठावं नाय."

साहेब चारचौघांत ओरडणाऱ्यातले नव्हते. हलक्या आवाजात म्हणाले, "मल्हारी, हा विभाग मी तुमच्या हवाली करणार होतो." मामा "व्हय" म्हणाले आणि मान खाली घालून उभे राहिले. मी तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलं नाही. विमानाचं इंजिन नुसतंच जागेवर सुरू करून दाखवलं, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मुलांना तर तो आवाजच एवढा आवडला की ती "पुन्हा, पुन्हा" म्हणत राहिली.

सोमवारी सकाळी मी रजेचा अर्ज लिहून आणला होता, राजीनाम्याचाही. मामांनी दोन्हींकडे बघितलं नाही. विमान टेबलावर आणलं होतं. "हवा भर," म्हणाले. मी भरली. दहा वाजले होते. त्यांनी माझं स्टूल काट्यासमोर ठेवलं आणि मला बसवलं. दोन तास मी त्या काट्याकडे बघत बसले. ते शेजारी आपलं काम करत होते. मधे एकदा माझ्यापुढे चहाचा कप ठेवून गेले. बारा वाजले. काटा केसभरही हलला नव्हता.

मला हसावं की रडावं कळेना. "म्हणजे गाठ चांगलीच होती," मी म्हणाले. "विमान नीट थांबलं असतं. तुमचं उगाच गेलं, मामा."

"उगाच कामून? आज कळलं चांगली हाय म्हून. काल कुठं ठावं व्हतं?" ते म्हणाले आणि गाठ जवळून बघितली. "बाकी गाठ झकास बांधलीस."

मी साहेबांना जाऊन खरं सांगते म्हणाले. तेव्हा मात्र ते रागावले. माझ्यावर तेवढे एकदाच. "खाली बस. एक पोरगी चुकली की समद्या पोरी चुकल्या म्हंत्यात. आन आजकालच्या दिसात तुझं नाव नाय घेणार कुणी, तुझ्या वस्तीचं घेत्याल. माझं काय, माझ्या नावानं येकच माणूस चुकतंय." मी बसले. त्यांनी अडवलं म्हणून बसले असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे कोणीतरी अडवावं अशीच माझी इच्छा होती.

तपासणी विभाग दुसऱ्याकडे गेला आणि आठ-नऊ वर्षांनी माझ्याकडे आला. मामा फिटरच राहिले. जोडलेले भाग घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहायचे, आणि मी न बघता सही करायला लागले तर हात मागे घ्यायचे. त्यांच्या निरोप समारंभात सगळ्यांनी मलाच बोलायला लावलं. मी पापणीचं सांगितलं, डब्याच्या झाकणाचं सांगितलं, एसटीच्या टायरचं सांगितलं. लोक हसले. साहेब पहिल्या रांगेत होते, थकलेले, काठी घेऊन आलेले. सांगायची वेळ तीच होती. मी हार घातला आणि खाली उतरले.

जाताना मामा म्हणाले, "बरं बोललीस."

"एक राहिलं, मामा."

"ऱ्हाऊ दे."

साहेब त्यानंतर वर्षभरात गेले. मामांना जाऊन या पावसाळ्यात चार वर्षं झाली. आता राहू दे म्हणणारं कोणी नाही. त्या कंपनीतली जी चार जुनी माणसं अजून भेटतात ती मामांचा विषय निघाला की म्हणतात, माणूस लाख होता, पण त्या रविवारी ऐन वेळी चुकला. त्यांच्यासाठी हे लिहिलं. त्या रविवारची तपासणी माझ्याकडून राहिली होती.