काशीबाईचं तोंड

दांडी गावच्या काशीबाई कोळणीचं तोंड म्हणजे उधाणाची भरती. सासू होती तोवर सासूशी, ती गेल्यावर दलालांशी, आणि कुणीच नसलं तर मांजराशी, पण बाई भांडल्याशिवाय भाकरीला बसायची नाही.

त्या दिवशी खाडीला लालभडक पाणी आलं नि बोयटं पोट वर करून तरंगायला लागली. काशीबाई गुडघाभर चिखलात उभी राहिली, मेलेला मासा शेपटीला धरला आणि कारखानेवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. सून भावनाने त्याचा फोनवर व्हिडिओ काढला नि नेटवर टाकला. संध्याकाळपर्यंत बोईसर-पालघरभर काशीबाईच्या शिव्या! गावच्या बायकांनाही चेव आला. ठरलं, सोमवारी मेलेली मासळी पाट्या भरभरून प्रदूषणवाल्या साहेबांच्या कचेरीपुढे ओतायची.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ गायब.

"नियमात बसत नाय म्हणून काढला, असं लिवलंय," भावना म्हणाली.

"नि खाडीत इख सोडलेलं बसतं गो नियमात?"

भावनाने परत टाकला, परत गेला. मग तिचं खातंच बंद झालं. गावाच्या ग्रुपवर लिहावं, तर केदारने कुलूप घातलेलं. केदार मच्छीमार सोसायटीचा चेअरमन, त्याचे टँकर कारखान्यात चालतात. आता बोलायचं ते त्यानेच, बाकीच्यांनी नुसतं वाचायचं.

"फोन गेला खड्ड्यात. माजे पाय हायेत ना!" म्हणत काशीबाई दारोदार निघाली.

बाजारात तिच्या शेजारी बसणारी हिरूबाय वलांडीवर बोंबील वाळत घालत होती. तिने मानही वळवली नाही.

"काढला तो बरा झाला. गिऱ्हाईक पाटीत हात घालायच्या आधी इचारतं, दांडीची का? हो म्हटलं की पुढं सातपाटीवालीकडं जातं. आमची मासळी भर दर्यातली. कुणाकुणाला समजावू? काढून टाका म्हणून आमीच पोरांकडनं तक्रारी करवल्या, सगळ्यांनी."

"आज खाडी मेली, उद्या दर्या मरंल, हिरू."

"मरंल तवा मरंल. आज चूल पेटवायची हाय."

सोमवारी कचेरीपुढे सासू-सून दोघीच. शिपाई नाक दाबून म्हणाला, "मावशी, वास येतोय. उचला ते."

मंगळवारी काशीबाई बाजारात गेली, तर तिच्या जागेवर दुसऱ्यांच्या पाट्या. दांडीच्या बायका एका रांगेत बसतात. जागा सासूकडून सुनेला येते, ती कुणी कुणाची घेत नाही. काशीबाई पाटी डोक्यावर घेऊन उभीच राहिली. शेवटी हिरूबायनेच जागा केली. "बस. पण तोंड बंद."

तेवढ्यात कामगार चाळीतली उत्कर्षा आली. तिचा नवरा कारखान्यातच कामाला. फोन पुढे धरून हळूच म्हणाली, "मावशी, ह्या तुम्हीच ना? मी जपून ठेवलाय व्हिडिओ. आमच्या बोअरिंगला पण असंच पाणी येतं. आम्ही चाळीतल्या बायका तुमच्याबरोबर येतो. कधी जायचं सांगा फक्त."

सगळ्या रांगेचे कोयते थांबले.

काशीबाईने फोनमधल्या चिखलातल्या बाईकडे पाहिलं. चांगली दांडगी दिसत होती.

"ती मी नाय, बाय. असंल कोण दुसरी."

"अहो, पण हे तर..."

"बोंबील देऊ?"

उत्कर्षाने फोन पिशवीत टाकला. "कुठले आहेत?"

"सातपाटीचे."

घासाघीस न करता तिने वाटा घेतला, पैसे ठेवले आणि गेली. कोयते पुन्हा चालू झाले.