बाई, वरून नाफ्था निघतो

चूक दाखवली की माणूस चिडतो, नाहीतर ऐकलंच नाही असं करतो. आमच्या बाई तिसरंच करायच्या. पर्समधून वही काढायच्या आणि म्हणायच्या, "थांबा जी, पुन्हा सांगा. लिहून घेते." लक्ष्मीबाई नगरात सगळे त्यांना केमिस्ट्री मॅडम म्हणत. मी एकटा बाई म्हणायचो. आमच्या गावाकडे शिकवणारीला बाईच म्हणतात, आणि दिल्लीत आलो म्हणून जीभ बदलायची मला काही गरज वाटली नाही.

बाई चंद्रपूरकडच्या. यजमान केंद्र सरकारात, क्वार्टर आमच्या वरच्या मजल्यावर. त्या एका शाळेत रसायन शिकवायच्या आणि रविवारी कॉलनीतल्या मुलांना बागेत फळा टेकवून शिकवायच्या. मी मुलाकडे राहायला आलो तेव्हा वय सत्तर, शिक्षण चौथी. पण तीस वर्षं रिफायनरीत काढलेली, तीही कच्चं तेल वेगळं करणाऱ्या प्लांटवर. उंच लोखंडी कॉलम असतो. त्यात तापवलेलं तेल सोडायचं. हलकं असेल ते वाफ होऊन वर चढतं, जड असेल ते खाली राहतं. मी हेल्पर. वेगवेगळ्या नळांवरून बाटल्यांत नमुने भरून लॅबला न्यायचो. डोळे बांधून बाटली नाकाशी धरली असती तरी सांगितलं असतं, कुठल्या नळाची आहे.

एका रविवारी बाईंनी फळ्यावर तो कॉलम काढला. वर गॅस लिहिलं, त्याच्या खाली पेट्रोल. मी बाकावर उन्हात बसलो होतो, तो उठलो. "बाई, चुकलं. तिथून पेट्रोल नाही निघत, नाफ्था निघतो. तो पुढच्या प्लांटात जातो, तिथं त्याचं पेट्रोल करतात."

पोरं हसली. "दादाजी, बुक में तो पेट्रोल ही है!"

"बुक लिहिणारा कॉलमवर चढला होता का?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही काढली. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला वही घेऊन घरी आल्या आणि स्वयंपाकाची वेळ होईपर्यंत उठल्या नाहीत.

बाईंचं विचारणं वेगळंच. पगार किती, आग कधी लागली, हे सगळे विचारतात. बाईंनी विचारलं, "काका, बिघाड व्हायच्या आधी कॉलमचा आवाज बदलतो का जी?" तीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, बदलतो. आत तेल तुंबलं की पोटात गडगडल्यासारखं होतं. ते मला आधी ऐकू यायचं, मग मी ऑपरेटरला जाऊन सांगायचो.

"मग तुम्हीच का नाही झालात ऑपरेटर?"

"मॅट्रिक नव्हतो."

हे मी पहिल्यांदा कोणाला तरी खरं सांगत होतो. दोनदा ती जागा निघाली, आणि ज्यांना मी व्हॉल्व्ह कसा फिरवायचा ते शिकवलं त्यांना मिळाली. घरी मी सांगितलं, मला दिली होती, मीच नको म्हणालो. मुलगा अजून लोकांना अभिमानाने तेच सांगायचा. बाईंनी हे वहीत लिहिलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मग आता करा ना मॅट्रिक. ओपन स्कूलचा फॉर्म मिळतो, शाळेत न जाता परीक्षा देता येते."

मी दोन महिने नाही म्हणालो. सूनबाई म्हणाली, "बाबा, छोडो ना यार, या वयात कशाला टेन्शन?" ती असं म्हणाली म्हणून मी फॉर्म भरला.

पेपर हिंदीतून घेतला, कामावर हिंदीच बोललो होतो. पण पुस्तकातली हिंदी निराळी. तेल वेगळं करण्याला तिथं 'प्रभाजी आसवन' म्हणतात. हे नाव प्लांटवर एकाच्याही तोंडून मी ऐकलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "नावाला घाबरू नका. काम तुमचंच आहे, कपडे बदलून आलंय."

हायड्रोकार्बन शिकवायला त्यांनी भिजवलेले हरभरे आणि खराट्याच्या काड्या घेतल्या. हरभरा म्हणजे कार्बन, त्याला चार हात. एक हरभरा आणि चार काड्या, झाला मिथेन. दोन जोडले की इथेन. मी जोडत गेलो, सोळा हरभऱ्यांची माळ टेबलाच्या या टोकापासून त्या टोकाला गेली. "हे तुमचं डिझेल," बाई म्हणाल्या. "लांब माळा एकमेकींना धरून बसतात. त्यांना सोडवायला जास्त उष्णता लागते. आखूड माळा लवकर सुटतात, म्हणून त्या वर जातात."

मी त्या माळेकडे बघत बसलो. कुठल्या नळातून काय येतं हे मला झोपेतही ठाऊक होतं. का येतं, हे विचारायची आमची पायरी नव्हती. तेवढ्यात सूनबाई आली आणि ओरडली, "बाबा, हे उसळीचे चणे होते!" बाईंनी सोळाच्या सोळा हरभरे काड्यांवरून उतरवून, धुऊन परत दिले. सगळ्यांना भोकं पडली होती. उसळ आम्ही तशीच खाल्ली.

परीक्षेच्या आधीच यजमान रिटायर झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली. सामान नागपूरच्या ट्रकमध्ये चढत असताना बाई खाली आल्या. "काका, पेपरात पेट्रोल लिहा. वाद नंतर घालू."

"बघतो," मी म्हणालो.

कॉलमची आकृती आलीच. मी खरा कॉलम काढला, शिडीसकट, आणि नाफ्था लिहिलं. विज्ञानात दोन मार्कांनी नापास झालो. बाईंना फोन लावला, वाटलं शाबासकी मिळेल. "बाई, मी खोटं लिहिलं नाही."

त्या चिडल्या. मी त्यांना तेव्हा एकदाच चिडलेलं ऐकलं. "तपासणारा माझ्यासारखाच असेल, कधी कॉलमवर न चढलेला. त्याला शिकवायला बसला होतात का तुम्ही? पास व्हायला बसला होतात! चौथीतच राहायचं असेल तर तसं सांगा."

महिनाभर मी त्यांना फोन केला नाही. माझा राग तेवढा टिकतो. मग पुन्हा फॉर्म भरला.

दुसऱ्या वेळी पेट्रोल लिहिलं. पास झालो. दुपारी निकाल कळला, लगेच नागपूरला फोन लावला.

"काय लिहिलं?"

"पेट्रोल."

"दुखलं का जी?"

"दुखलं."

"मी तीस वर्षं लिहीत आले फळ्यावर, मला नाही दुखलं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "मुलाला सांगितलं?"

"पास झालो ते? संध्याकाळी येईल तेव्हा सांगतो."

"ते नाही. ते दुसरं."

"बघतो," मी म्हणालो. बाई म्हणाल्या, "आता कागद आहे ना हातात? मग ठेवा फोन." आणि त्यांनीच ठेवला.

मुलगा ऑफिसातून आला, निकाल पाहून खूश झाला, मिठाई आणायला परत निघाला. दारात चप्पल घालत म्हणाला, "बाबा, तेव्हाच केलं असतंत तरी पास झाला असतात. पण तुम्हालाच ऑपरेटर नको होतं."

"मला नको नव्हतं," मी म्हणालो. "मला दिलं नाही. दोनदा."

तो एका पायात चप्पल घालून तसाच उभा राहिला. मग ती काढली, आत आला, माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "सांगा."

मी सांगायला लागलो.