खालचा दीड एकर

हिंगणीकडच्या आमच्या शेतातला खालचा दीड एकर खारवट झाला होता. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा थर यायचा आणि पावसाळ्यात साचलेलं पाणी आठ-आठ दिवस जिरायचं नाही. मी नोकरीमुळे सिंदी मेघेला राहतो. शेती मोठा भाऊ आणि वहिनी पाहतात. एका संक्रांतीला दादाने जाहीर केलं, की हा तुकडा तो वीटभट्टीला देणार. पाच फूट माती उकरून नेली की जमीन संपली, ती परत येत नाही. मी दोन हंगाम मागितले.

"दोनच," दादा म्हणाला. "मंग मले शहाणपण शिकवू नको."

मी माती तपासून घेतली आणि अहवालात सांगितलं होतं तेवढं, मातीतले क्षार सुटे करणारं जिप्सम मोजून उन्हाळ्यात पसरवलं. पावसात क्षार धुऊन जातील, असं मी धरून चाललो. कुठे जातील, हे स्वतःला विचारलं नाही. पुढे हरभरा पेरला, कालव्याच्या पाण्याची पाळी आली आणि दादाने नेहमीसारखं बांधाला टेकेपर्यंत पाणी भरलं. आमच्याकडे आलेली पाळी सोडणं म्हणजे वाढलेल्या ताटावरून उठणं. मी एका ओळीत शंभर दाणे मोजून टाकले होते. उगवले नऊ. चैत्रात थर आधीपेक्षा जाड होता.

"तुह्या जिप्समनं तं मीठ वाढलं बे!" दादा हसला.

चूक शोधायला मी साडेतीन फुटांचा खड्डा खोदला. ऐन उन्हाळ्यात त्यात पाणी लागलं. पाळीपाळीने भरलेलं पाणी खालीच तुंबून होतं. ते वर चढायचं, उन्हाने उडून जायचं आणि क्षार मागे ठेवायचं. त्याला वाट हवी होती. गवंडी पातळी मोजायला वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली, एक टोक वहिनीने धरलं, दुसरं मी. एकशे दहा पावलांवरच्या नाल्याचा तळ खड्ड्याच्या तळापेक्षा नऊ इंच खाली निघाला. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा नऊच.

नाल्यापर्यंतचा चर दादाच्या कपाशीच्या चांगल्या पट्ट्यातून, चार ओळी खाऊन जाणार होता. तो अडून बसला.

"चार तासं पऱ्हाटी गेली तं का मरतो का आपण?" वहिनी म्हणाली, आणि पहिलं घमेलं तिनेच उचललं.

पावसाळ्यात चर गढूळ वाहू लागला. मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट! इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी थुंकलो नसेन. त्या पावसात हिरवळीच्या खतासाठी ढैंचा पेरला आणि फुलावर येण्याआधी नांगरून मातीत गाडला. हिवाळ्यात पुन्हा हरभरा टाकला, काही ओळींत शंभर-शंभर दाणे मोजून पेरले, आणि या वेळी खालच्या तुकड्यासाठी कालव्याची पाळी सोडून दिली. दादा दोन दिवस घुश्शात होता.

"लोक हासून राह्यले ना, पाणी सोडलं म्हणून!"

"हासू द्या," वहिनी म्हणाली. "त्याइच्या वावरात पाणी दिसते, पीक नाई दिसत."

पेरणीनंतर दहाव्या दिवशी मी ओळीत बसून मोजलं. शंभरातले एकाहत्तर. दादाला सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना.

"तुनं चांगली जागा पाहून मोजलं असन."

"मग दादा, तूच जागा निवड."

त्याने मुद्दाम मधली, सगळ्यांत वाईट ओळ निवडली. मोजून पेरलेल्या प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना काड्या रोवलेल्या होत्याच. तो उकिडवा बसला आणि बोटाने एकेका रोपाला शिवत पुढे सरकू लागला. मध्ये आकडा चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी आणि वहिनी बांधावर उभे.

"अडुसष्ट," तो उठत म्हणाला. गुडघ्यावरची माती त्याने झटकली नाही. खिशातून फोन काढला आणि भट्टीवाल्याला लावला.

"भाऊ, माती दुसरीकडं पाहा. इथं हरभरा हाये."