मधल्या माणसाचा चहा

सकाळी छत्रपती संभाजीनगरला बसमधून उतरले, तर रेहाना स्टँडवर हजर. मध्यस्थीच्या प्रशिक्षणात ही माझ्या वर्गात होती, मूळची सिल्लोडची. तिथं पहिली मी आले, पण तंटा अडला की आमची संस्था हिलाच बोलावते! या खेपेला मीच हट्टानं पुढं झाले. नान-खलियाच्या (मटणाच्या रश्श्याच्या) गाडीवर ती म्हणाली, "भाई, थोडा और डालो ना." दुसरी पळी तिलाच मिळाली. माझं डोकं तिथंच फिरलं.

सिल्लोड मागं पडलं. मका, कपाशी, मग अजिंठ्याचे डोंगर. पायथ्याशी भिलाटी (भिल्लांची वस्ती). तिथल्या बायांची झिऱ्याकडं (खडकातल्या पाझराकडं) जाणारी वाट शेजारचे शेतकरी काशिनाथराव यांनी तार ठोकून बंद केली होती. पाण्यासाठी अख्ख्या टेकडीला वळसा पडत होता. आज जमलं नाही, तर उन्हाळ्याआधी वस्ती उठणार होती.

"आज वाट दिली, उद्या रान बी मागतील," काशिनाथराव म्हणाले.

"रान नको. पाणी पायजे," वस्तीचे पंच धनाबाबा म्हणाले. "बकऱ्या पिकात नाय जाणार, जबान देतो."

मी दोघांचं म्हणणं एकमेकांना नीट उलगडून सांगितलं. काशिनाथराव चक्क नरमले. बघ गं बाई, म्हटलं मनात! तेवढ्यात धनाबाबांच्या सुनेनं गुळाचा कोरा चहा आणला. पहिला पेला माझ्यापुढं.

"नको हो, मला पित्ताचा त्रास आहे."

काशिनाथरावांनी आपला पेला खाली ठेवला. "मॅडमच पीत नायत, मग मी कशाला?"

धनाबाबा उठलेच. "आमच्यात मधला माणूस आधी पितो. तवा बोलणं पक्कं."

रेहानानं माझा पेला उचलला. "बाबा, ही न् मी एकच. हिच्या वाटचा मी पिते." घटाघटा प्यायली. "आता तुम्ही, काका."

काशिनाथरावांनी एकवार तिच्याकडं, एकवार पेल्याकडं पाहिलं. प्याले. "लई गोड केला," म्हणाले, आणि पक्कड घेऊन तारेकडं निघाले.

बाया हंडे घेऊन झिऱ्याकडं गेल्या तेव्हा आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पण जाताना प्रत्येकीनं रेहानाचा हात धरला, आणि माझा नुसता जळफळाट. परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "तू सांगितलंस म्हणून ते नरमले गं." एवढं तरी बोलायला नको होतं तिनं!

पुण्यात घरी आईनं पान वाढता वाढता विचारलं, "जमलं का गं?"

"जमलं," मी म्हणाले. आई कौतुकानं वाढत राहिली. ते रेहानाला जमलं, हे तोंडातून निघायला ताकभात संपावा लागला.